पिवळा म्हणजे किती पिवळा

१८ जानेवारी, शनिवार, सकाळी साडेदहा. करोल बाग, दुसरा मजला, उत्तरेकडची खोली. हजर: कुंदाताई सबनीस, नसीम मुलाणी, तिची धाकटी बहीण रेहाना, कारागीर तपनदा आणि मी. गैरहजर: सूर्य.

ही नोंद माझी. ऑफिसातल्या भेटी लिहून ठेवणं हे माझं काम होतं आणि शेवटचे दोन शब्द मी वैतागून लिहिले होते. कुंदाताईंनी ते माझ्या खांद्यावरून वाचले.

"येईल गं वसू," त्या म्हणाल्या. "त्यालाही धौला कुआंच्या ट्रॅफिकमधूनच यायचंय."

खिडकीबाहेर समोरची इमारत दिसत नव्हती. धुकं आणि धूर यांचं जे मिश्रण दिल्लीत हिवाळाभर असतं, ते काचेला टेकून उभं होतं. दोन अंगठ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांतल्या खड्यांचा रंग बघायचा, एवढंच काम. पाच मिनिटांत झालं असतं. पण कुंदाताई ट्यूबलाइटमध्ये रंग बघत नसत. म्हणून आम्ही पाच माणसं राखाडी शाली पांघरून, चहा पीत, उजेडाची वाट बघत बसलो होतो.

शालींचं सांगते.

कुंदाताई रंगीत हिऱ्यांचं काम करायच्या. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. ऐकून ऐकून लोक यायचे. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असायची, कुणाला गेलेल्या मुलीच्या आठवणीसाठी काही करून ठेवायचं असायचं. त्यांना एखादाच खडा हवा असे, पिवळा, गुलाबी, फार क्वचित निळसर. त्याचा रंग जमिनीतच चढलेला हवा, माणसाने नंतर दिलेला नको. आणि तो कुठल्या खाणीतून निघाला, कुणी त्याला पैलू पाडले, हे ठाऊक असायला हवं. असा खडा शोधून द्यायला महिनोन् महिने लागायचे. तेवढा काळ मी गिऱ्हाइकांना फोन करून "अजून नाही" असं सांगायचे. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ "अजून नाही" म्हणण्यात गेला असेल.

खडा आला की बघण्याचा दिवस ठरे. तेव्हा खोलीत रंगीत काही चालत नसे. कुंदाताई स्वतः पांढरं किंवा राखाडी नेसायच्या. टेबलावर पांढरा कागद. येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर राखाडी शाल, कारण हिरा आजूबाजूचा रंग ओढून घेतो. त्या दिवशी मी डब्यात पोहे आणले तर खडा परत पुडीत जाईपर्यंत डबा उघडायचा नाही, हळदीच्या बोटांनी टेबलाला हात लावायचा नाही. एकदा राजौरी गार्डनहून साखरपुड्याचा खडा बघायला एक कुटुंब आलं होतं. नवऱ्या मुलाची आई लालभडक दुपट्टा घेऊन आली होती. मी शाल पुढे केली तशी ती कडाडली, "बहनजी, हम सगाई का हीरा देखने आए हैं या किसी के चौथे पे?" चौथा म्हणजे त्यांच्याकडची शोकसभा.

कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "माताजी, आपका दुपट्टा हीरे में घुस जाता है. फिर घर जाके पता चलेगा कि दुपट्टा खरीदा."

माताजी हसल्या. शाल घेतली. खडा मात्र घेतला नाही. तसंही बऱ्याचदा व्हायचं.

दिवाळीपासून जानेवारी संपेपर्यंत दारावर माझ्या अक्षरातला कागद असे, "रंग बघणे बंद." लग्नसराई ऐन तेव्हाच असते. नेमक्या कमाईच्या दिवसांत आम्ही हात बांधून बसायचो. मी वाद घालायचे. त्या म्हणायच्या, "अगं, आकाशच पिवळं आहे. खड्याला कशाला दोष द्यायचा?" आणि मग मला हिशेबाच्या, पत्रव्यवहाराच्या, कपाटं आवरण्याच्या कामाला लावायच्या, जे मला तसंही करायचंच असे.

गिऱ्हाईक म्हणालं, "पिवळा हवा," की त्यांचा प्रश्न ठरलेला. "पिवळा म्हणजे किती पिवळा? लिंबू, सोनचाफा, की साजूक तूप?" माणूस गोंधळायचा. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मराठी मुलांना सोनचाफा माहीत नसायचा, मग त्या आपल्या फोनवर फोटो काढून दाखवायच्या आणि वर म्हणायच्या, "बिल्कुल असाच नाही हं. फोटोतला पिवळा म्हणजे फोनचा पिवळा."

दुसरा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या, खड्यांना आणि टोमॅटोंनाही. "कुठून आला?" भाजीवाल्याने "मंडीतून" म्हटलं की, "मंडी काय शेत आहे का?" खड्यांच्या प्रत्येक पुडीवर त्या स्वतःच्या हाताने लिहायच्या, "ठाऊक" किंवा "ठाऊक नाही". तिसरं काही नाही. "बहुतेक" हा शब्द आमच्या खोलीत बंद होता. मी बोलता बोलता "बहुतेक मंगळवारी येतील" असं म्हटलं तरी त्या मान वर करून बघायच्या.

गुरुग्रामहून एक तरुण आला होता, नव्या कंपनीचा. छान कपडे, गोड बोलणं, हातात टॅबलेट. गुलाबी खडा आणला होता आणि खाणीतल्या कामगारांची चित्रफीत. हसणारे कामगार, हेल्मेट, शाळेत जाणारी मुलं. कुंदाताईंनी सगळी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. मग विचारलं, "ह्यांतला कोण ह्या खड्याच्या खाणीत असतो?"

"मॅम, हे रेप्रेझेंटेटिव्ह आहे. नमुन्यादाखल."

"अच्छा. म्हणजे हा खडा कुठला?"

त्याने टॅबलेट मिटून ठेवला. मग खरं बोलला, आणि ते मला आवडलं. "मॅम, कच्चा माल पोत्याने येतो. पोत्याला कागद असतो. एकेका खड्याला नसतो. पैलू पडेपर्यंत पोती मिसळतात."

"मग पुडीवर तसं लिहा ना," कुंदाताई म्हणाल्या. "ठाऊक नाही म्हणा. विकला जाईल तेवढ्याला विका. पण त्या हसणाऱ्या माणसांना मध्ये उभं करू नका, ते बिचारे दुसरीकडेच आहेत."

तो पुढेही अधूनमधून यायचा. चहा प्यायचा, "ठाऊक नाही" वाल्या पुड्या दाखवायचा. एकदाच एक "ठाऊक" घेऊन आला, तेव्हा कुंदाताईंनी त्याला जिलबी खिलवली. खडा बघून झाल्यावर, अर्थात.

आता मुलाणी बहिणींकडे येते.

नसीम लक्ष्मीबाई नगरात आमच्याच रांगेत राहते. मूळची सोलापूरची, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. रेहाना नोएडाला शाळेत शिकवते. त्यांची अम्मी सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिच्या नाकात पिवळ्या हिऱ्याची चमकी असायची, तिच्या वडिलांनी दिलेली. अम्मी गेली. मुली दोन, खडा एक. दोघीही समजूतदार, त्यामुळे प्रश्न जास्त कठीण झाला. ही म्हणे तू घे, ती म्हणे तू घे, आणि दोघींनाही तो हवा होता.

त्यांना मीच कुंदाताईंकडे नेलं. उपाय नसीमने काढला होता. तसाच दुसरा खडा आणायचा, इतका तसाच की कुणालाच फरक कळू नये. दोन सारख्या अंगठ्या करायच्या, वाटीत टाकून हलवायच्या आणि एकेक उचलायची. कुणाकडे अम्मीचा गेला ते कुणालाही कळता कामा नये, कुंदाताईंनाही नाही. दोघींनी आयुष्यभर समजायचं, कदाचित माझ्याकडे आहे.

एकच अट होती. नसीम म्हणाली, "ताई, अम्मीने जन्मभर लोकांच्या जखमा बांधल्या. तिच्या खड्याशेजारी बसणारा खडा कुणाला रडवून आलेला नको."

कुंदाताई खूश झाल्या. मी त्यांना एवढं खूश क्वचित पाहिलं. "सगळे लोक मला विचारतात, माझा कुठला ते सांगा," त्या म्हणाल्या. "ह्या दोघी म्हणतात, सांगू नका. आणि तरी त्यांना खरा, स्वच्छ खडा हवाय. वा!"

शोधायला वर्षाहून जास्त लागलं. शेवटी सुरतेच्या एका घरगुती कारखान्यातून मिळाला. खाण ठाऊक, मजुरी ठाऊक, पैलू पाडणाऱ्या बाईंचं नावसुद्धा ठाऊक. गंमत म्हणजे अम्मीच्या जुन्या खड्याच्या पुडीवर कुंदाताईंना "ठाऊक नाही" लिहावं लागलं. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन्हींच्या रंगाचं नाव एकच होतं, पण एका नावात पुष्कळ पिवळे मावतात. म्हणून त्यांनी स्वतः खिडकीत बसून, फेब्रुवारीच्या स्वच्छ सकाळी, पुन्हा पुन्हा बघून जोड पक्की केली. तपनदांनी दोन्ही खडे बंद कोंदणात बसवले. वाटी मी माझ्या घरून नेली होती. दोघींनी डोळे मिटून अंगठ्या उचलल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि कुंदाताई पाठ करून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्याला चार वर्षं झाली.

त्याच काळात आमच्या ऑफिसात कागदाची भांडणं सुरू झाली. कुंदाताईंना पांढरा कागद पसंत पडेना. "हा पांढरा नाही," म्हणून त्यांनी रिमं परत पाठवली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इससे सफेद तो दूध भी नहीं होता." मग खिडकीची काच बदलली. मग पडदा काढला. मग ठरलं की दिल्लीची हवाच फेब्रुवारीतही सुधारत नाही. मी नवीन दुकानदार शोधले, काचवाल्याला पुन्हा बोलावलं, सगळं वेळच्या वेळी केलं. मेट्रोत पाटी वाचताना त्या अडखळायला लागल्या, तेव्हा मी त्यांना जबरदस्तीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, भिंगं पिवळी पडली आहेत, हे हळूहळू होतं, माणसाला स्वतःला कळत नाही.

त्यावर कुंदाताईंनी एकच विचारलं. "किती पिवळी?"

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी त्या ऑफिसात आल्या, परत न गेलेल्या रिमातला कागद उचलून खिडकीशी धरला आणि म्हणाल्या, "हा पांढराच आहे गं."

मला वाटलं, आनंद झाला असेल. त्यांनी कपाटातून नमुन्याचा पिवळा खडा काढला, चिमट्यात धरला. एका तळहाताने डावा डोळा झाकला. मग उजवा. मग पुन्हा डावा. किती तरी वेळ असंच. मी चहा ठेवला तो निवून गेला.

"इकडून लिंबू," त्या म्हणाल्या. "तिकडून सोनचाफा. वसू, मागच्या काही वर्षांत मी डोळ्याने जुळवलेल्या जोड्या कोणत्या, ते काढ."

जोड्या फार नव्हत्या, कारण बहुतेक लोक एकच खडा नेत. (हा शब्द त्यांनी इथेही खपवून घेतला नसता.) मी सगळ्यांना फोन केले. "नेहमीची तपासणी आहे" असं सांगू का, म्हटलं. "नको. माझा डोळा खराब होता असं सांग." मी तसंच सांगितलं. "रंग बघणे बंद" दारावर असतानाच लोकांनी कुड्या आणल्या, डूल आणले. काही जुळले होते. एका डुलात फरक निघाला, तो त्यांनी बदलून दिला. त्या बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या लक्षातही आलं नव्हतं." कुंदाताई म्हणाल्या, "ते बरोबर आहे. पण माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मुलाणी बहिणी शेवटी ठेवल्या होत्या. इतरांच्या बाबतीत रंग चुकला असता तर नवा खडा देऊन भागलं असतं. इथे रंग चुकला, तर कोणता खडा अम्मीचा हे उघडं पडणार होतं. कुंदाताईंना त्या काळजीने झोप येत नव्हती. म्हणून त्यांनी इथेही स्वतःचाच नियम मोडून जानेवारीत तारीख दिली.

तर १८ जानेवारी. साडेबाराच्या सुमाराला वारा सुटला. समोरच्या इमारतीच्या गच्चीतली टाकी दिसली, मग वाळत घातलेल्या चादरी. तपनदा म्हणाले, "दीदी, आ गया."

नसीमने बोटातली अंगठी काढून दिली. रेहानाने पर्समधून डबी काढली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. अंगठी ती घालतच नव्हती.

दोन्ही अंगठ्या कागदावर ठेवल्या. मला, खरं सांगायचं तर, दोन पिवळे खडे दिसले. कुंदाताईंनी डावा डोळा झाकला. मग लगेच हात खाली घेतला.

"नाहीत," त्या म्हणाल्या. "जुळत नाहीत. नसीमचा गडद आहे. माझी चूक आहे."

"ताई, एवढं काय त्यात," नसीम घाईने म्हणाली. "आम्हाला कुठे कळतंय?"

"कळतंय," रेहाना म्हणाली. "मला पहिल्या ईदपासून कळतंय. मावशी काय म्हणाली आठवतंय? तुझा हात धरून म्हणाली, ही अम्मीची, रंगावरूनच कळतं. सगळ्यांसमोर."

"मावशी काहीही बोलते, यार. तिला काय हिऱ्यातलं कळतं?"

"तू काय म्हणालीस त्यावर? काही नाही म्हणालीस. हसलीस."

नसीमने ते नाकारलं नाही. चार वर्षं तीही तेच समजत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि इथे कुंदाताईंच्या हातून जे झालं, ते फक्त त्यांच्यासारख्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. खडा समोर आहे आणि मनात विचार चालू आहे, म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप भिंगाकडे गेला. चाळीस वर्षांची सवय. भिंग डोळ्याला लावलं, एक अंगठी पाहिली, दुसरी पाहिली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. अम्मीच्या खड्याच्या पोटात एक बारीक रेघ होती. ती त्यांना ठाऊक होती. बघायचं नाही असं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं, पण तोवर बघून झालं होतं.

बहिणींचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं.

"मी दुसरा खडा आणते," कुंदाताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "नीट जुळणारा. परत वाटीत टाकू."

"आणा," रेहाना उठली. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. शिक्षिका आहे, घडी सरळ होती. "ही इथेच राहू दे तोपर्यंत. नव्या खड्याला घरी नेऊन मी काय करू?"

"रेहाना, असं नको गं बोलू," नसीम म्हणाली. "नसेलही तसं. कोणालाच माहीत नाही."

"आपा, तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. चलो, मेट्रोला गर्दी होईल."

दोघी एकत्रच गेल्या. नसीमने जाता जाता आपली अंगठी कागदावरून उचलली, बोटात घातली, काढली, शेवटी मुठीत धरली.

तपनदांना निरोप देऊन, कुलूप लावून आम्ही जिना उतरत होतो. जिन्याच्या वळणावर कुंदाताई थांबल्या, भिंतीला टेकल्या.

"धाकटीकडे आहे," त्या म्हणाल्या. "आईचा. फिका तोच आईचा. मी त्याला जोड शोधताना गडद निवडला, मला तो तेवढाच दिसला."

मी म्हटलं, "मग तिला सांगा ना. आत्ता फोन करते. बिचारी रडत गेली असेल."

"आणि थोरली? एकीच्या डोक्यावरचं ओझं उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवायचं? त्यांनी मला काय काम दिलं होतं? कुणालाच कळू नये, हे. खडा आधी आणते. फिक्याला जुळणारा. तो नसीमच्या अंगठीत बसवू, वाटी हलवू, आणि मग सांगू की गडद होता तो नवा होता. तेव्हा दोघींकडे पुन्हा सारखंच असेल. खडा आणि खरं एकदमच द्यायचं, वसू. तोवर गप्प बस."

मी गप्प बसले. सूचना पाळणं मला जमतं.

त्यानंतरचे महिने त्यांनी त्या एका खड्यापायी घालवले. नवं काम घेतलं नाही. सुरतेला फोन, मुंबईला फोन, गुरुग्रामच्या त्या तरुणालाही फोन. पुड्या यायच्या. रेहानाची अंगठी कपाटातून काढायची, खिडकीत ठेवायची, शेजारी खडा. "नाही." रंग जुळला तर गाव जुळेना, पुडीवर "ठाऊक नाही". गाव ठाऊक असलं तर रंग एक छटा इकडे किंवा तिकडे. मी एकदा म्हटलं, "कुंदाताई, हा अगदी तसाच आहे. कुठला ते नसेल माहीत, पण दोघींना काय कळणार आहे?"

"अम्मीच्या शेजारी बसायचंय त्याला," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्या पुढे ढकलत राहिल्या. डॉक्टर रागावले, पुण्याहून मुलगा रागावला. मी तारीख घेऊन ठेवायचे, त्या रद्द करायला लावायच्या. "जुना डोळा राहू दे थोडे दिवस," म्हणायच्या. "तेव्हा मला काय दिसलं होतं, त्याचा तोच एक पुरावा आहे." थकल्या होत्या. दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपायच्या, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. मी पंखा कमी करायचे, फोन बाहेर नेऊन घ्यायचे आणि लोकांना सांगायचे, "अजून नाही."

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नेहमीसारख्या करोल बाग स्टेशनवर शिरलो. त्या द्वारकेच्या दिशेला, मी दुसऱ्या. पलीकडच्या फलाटावर त्या मला दिसत होत्या. राखाडी साडी, कापडी पिशवी, पिशवीत रिकामा डबा. गाडी आली आणि गेली, त्या चढल्या नाहीत. फलाटाच्या भिंतीवरच्या निळ्या पट्टीकडे बघत होत्या. मी फोन लावला. "काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"अगं, काही नाही. ही पट्टी इतकी निळी होती? आपण रोज इथूनच जात होतो?"

"होती. चढा आता पुढच्या गाडीत. गर्दी वाढतेय."

"हो, हो. चढते," त्या म्हणाल्या, आणि हात वर करून मला दाखवला. माझी गाडी आधी आली.

पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. झोपेतच गेल्या, शेजाऱ्यांनी कळवलं.

मुलगा आला, नीट वागला. मावशी, खोली तुम्हीच आवरा, म्हणाला. मी आवरते आहे. हे सगळं त्या आवरण्यातच, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून लिहिते आहे. ज्यांचे खडे होते त्यांना ते पोचते झाले. पुड्या सुरतेला परत गेल्या. भिंगं, चिमटे तपनदांना दिले, ते घेताना त्यांनी कपाळाला लावले. शाली धुऊन वाटल्या. दिवाळी जवळ आली आहे, खिडकीतून समोरची टाकी दिसेनाशी होऊ लागली आहे, आणि महिनाअखेर खोली सोडायची आहे.

जुळणारा खडा मिळालेला नाही. आता मिळणारही नाही, कारण मिळाला तरी तो मिळाला हे ओळखणार कोण? मला दोन्ही पिवळेच दिसतात. नसीमला सांगून पाहिलं की अंगठ्या आता आहेत तशाच राहतील. ती "बरं" म्हणाली. तिच्या बोटात अंगठी नव्हती. मागे ईदच्या शिरखुर्म्याचा डबा द्यायला आली होती, तेव्हाही नव्हती, हे मी पाहिलं होतं.

रेहानाला दोनदा निरोप धाडला. अंगठी घेऊन जा. तिचं उत्तर आलं, "सवडीने नेईन ताई. घाई नाही. मौल्यवान असं काही नाही त्यात."

ती अंगठी कपाटात एकटीच उरली आहे, फिक्या पिवळ्या खड्याची. नोएडाला जाऊन तिच्या हातात द्यायची आहे. देताना तोंडाने काय म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही.